बाँडेड लावलं की चालतं, फ्रिक्शनल लावलं की रन पडतो: बोल्टच्या जोडातला कॉन्टॅक्ट

चाकणवासी

नमस्कार मंडळी. इथे एफईए (भागाचे बारीक तुकडे करून संगणकावर स्ट्रेस काढणं) करणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

पंप बसवायचा एक स्टीलचा ब्रॅकेट आहे. खालची प्लेट ८ मिमी जाड, १४० बाय १०० मिमी. ती बिडाच्या हाउसिंगवर चार एम१० बोल्टांनी (८.८ ग्रेड) आवळलेली. प्लेटपासून १२० मिमी उंचीवर, १४० च्या बाजूने, ६ किलोन्यूटनचा आडवा लोड. अ‍ॅन्सिस मेकॅनिकलमध्ये (एफईएचं सॉफ्टवेअर) असेंब्ली आणली की सगळे कॉन्टॅक्ट (भाग टेकतात त्या जागा) आपोआप बाँडेड, म्हणजे चिकटवलेले, होऊन येतात. तसाच रन मारला तर सुरळीत होतो, आणि स्ट्रेस यील्डच्या (कायमचं वाकण्याच्या मर्यादेच्या) बराच खाली दिसतो.

ग्राहकाच्या रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न आला: लोड आल्यावर प्लेट हाउसिंगपासून उचलली जाते का? बाँडेडमध्ये ती उचलली जाणं शक्यच नाही. म्हणून सगळे कॉन्टॅक्ट फ्रिक्शनल (घासतील, उचलूही शकतील असे) केले, घर्षणगुणांक ०.१५. आता सुरुवातीलाच 'इंटर्नल सोल्यूशन मॅग्निट्यूड लिमिट' ओलांडल्याचा एरर येतो. नॉर्मल स्टिफनेस (टेकलेल्या तोंडांच्या कडकपणाचा फॅक्टर) ०.१, मग ०.०१ केला, तेव्हा रन थोडा पुढे जातो, पण प्लेट हाउसिंगच्या आत घुसलेली दिसते. कुठून सुरुवात करू?

जाळीकाम

त्या एररचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की मॉडेलमधला कुठला तरी भाग मोकळा आहे. सॉल्व्हरने त्याला ढकललं, अडवणारं कुणी नव्हतं, तो किलोमीटरभर लांब गेला. बाँडेड असताना प्रत्येक भाग दुसऱ्याला डिंकाने चिकटलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न येतच नाही. फ्रिक्शनलमध्ये भाग एकमेकांना टेकेपर्यंत त्यांच्यात काहीही संबंध नसतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी फट असली तरी सॉल्व्हरच्या दृष्टीने तो भाग हवेत आहे.

तुम्ही 'सगळे' कॉन्टॅक्ट फ्रिक्शनल केलेत असं लिहिलंय, तिथे मला शंका येते. बोल्टचे आटे हाउसिंगमध्ये धरतात ती जागाही त्यात आली का? मॉडेलमध्ये आटे काढलेले नसतात, गुळगुळीत दंडगोल असतो. तिथे फ्रिक्शनल लावलं की बोल्टला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, प्रीटेन्शन (आवळल्यामुळे बोल्टात येणारी ओढ) दिलं की तो सरळ वर निघून येतो. आट्यांची जागा बाँडेडच ठेवा. बोल्टचं डोकं आणि प्लेट, प्लेट आणि हाउसिंग, हे दोन फ्रिक्शनल. बोल्टची दांडी आणि प्लेटचं भोक ह्यांच्यात कॉन्टॅक्ट ठेवूच नका. एम१० ला मध्यम बसणीचं भोक ११ मिमी असतं, म्हणजे त्रिज्येवर अर्धा मिलिमीटर मोकळी जागा. जोड घसरला तरच दांडी भोकाला टेकेल.

आणि ह्याच जागी तुमच्या बाँडेड रनमध्येही गडबड असू शकते. आपोआप कॉन्टॅक्ट शोधताना टॉलरन्स मोठा असेल तर दांडी आणि भोक ह्यांची जोडीही पकडली जाते, आणि पिनबॉलच्या (कॉन्टॅक्ट शोधण्याच्या ठरलेल्या अंतराच्या) आत जे येईल ते बाँडेड फटीसकट जोडून टाकतो. मग बोल्ट चार खुंट्यांसारखे काम करतात आणि प्लेटला सरकायची, वाकायची मुभाच राहत नाही. कॉन्टॅक्टची यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचा, प्रत्येक जोडीवर थांबा आणि स्वतःला विचारा की ही दोन तोंडं खऱ्या भागात कशी टेकतात.

रन मारण्याआधी कॉन्टॅक्ट टूल घालून 'इनिशियल इन्फॉर्मेशन' काढा. कुठली जोडी बंद आहे, कुठली उघडी, फट किती, घुसण किती, सगळं तक्त्यात येतं. प्लेट आणि हाउसिंगमध्ये फक्त कॅडच्या चुकीमुळे ०.०२ फट दिसत असेल तर 'अ‍ॅडजस्ट टू टच' लावा. पण ड्रॉइंगमध्ये खरीच फट असेल तर ती मिटवू नका.

लेथकाका

जाळीकाम म्हणतात ते बरोबर. मी सॉफ्टवेअर चालवत नाही, आयुष्य शॉपफ्लोअरवर गेलं, पण जोडाचा हिशोब कागदावर करता येतो आणि तो आधी करावा असं माझं ठाम मत आहे.

एम१० चं ताणाचं क्षेत्रफळ ५८ चौ. मिमी. ८.८ ग्रेडचा प्रूफ स्ट्रेस ५८० मेगापास्कल, म्हणजे साधारण ३३.६ किलोन्यूटन. त्याच्या पाऊण, २५ किलोन्यूटन, प्रीलोड (म्हणजे तेच प्रीटेन्शन) धरा. टॉर्क = ०.२ × १० मिमी × २५ किलोन्यूटन = ५० न्यूटन-मीटर. चार बोल्ट मिळून १०० किलोन्यूटन दाब. घर्षणगुणांक ०.१५ म्हणजे १५ किलोन्यूटनपर्यंत जोड घसरणार नाही. तुमचा लोड ६. घसरण्याची भीती नाही.

आता उचलण्याचं. मोमेंट ६ × १२० = ७२० न्यूटन-मीटर. प्लेटचा सेक्शन मॉड्युलस १०० × १४० वर्ग भागिले ६, म्हणजे सुमारे ३,२६,७०० घन मिमी. मोमेंटमुळे कडेला २.२ मेगापास्कल उचल. प्रीलोडचा सरासरी दाब १,००,००० भागिले १४,००० म्हणजे ७.१. कागदावर जोड उघडत नाही.

पण तो ७.१ चा आकडा संपूर्ण प्लेटवर सारखा दाब आहे असं धरून आलाय, आणि ८ मिमीच्या प्लेटमध्ये तसा दाब कधीच पसरत नाही. डोक्याखालून दाब शंकूसारखा पसरत जातो. ३० अंशांचा शंकू धरला, डोकं १६ चं, तर खालच्या तोंडाशी व्यास जेमतेम २५ मिमी होतो. म्हणजे प्रत्येक भोकाभोवती एक कडं दाबलेलं, आणि बाकीची प्लेट नुसती टेकलेली. लोड यायच्या आधीच कोपऱ्यांवर दाब शून्य आहे. बाँडेडवाल्या रनमध्ये ही अख्खी १४० बाय १०० ची जागा ओढ घेते, म्हणून स्ट्रेस कमी दिसतो. रिव्ह्यू करणाऱ्याने योग्य जागी बोट ठेवलंय.

आणखी एक. टॉर्क रेंचने आवळलेल्या बोल्टात प्रीलोड २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होतो, तेलाचा हात लागलाय की आटे कोरडे आहेत ह्यावर. तेव्हा एकच रन करू नका. १८ किलोन्यूटनचा एक आणि ३२ चा एक करा. पहिला उघडण्यासाठी वाईट, दुसरा बोल्टसाठी.

चाकणवासी

लेथकाका, जाळीकाम, मनापासून आभार. आट्यांची जागा बाँडेड केली आणि दांडी-भोकाच्या चारही जोड्या काढल्या (हो, आपोआप लागलेल्या होत्या). लोड दोन पायऱ्यांत दिला: पहिल्यात फक्त प्रीटेन्शन, दुसऱ्यात बोल्ट 'लॉक' करून ६ किलोन्यूटन. पहिली पायरी पूर्ण होते. दुसरी साधारण ६० टक्के लोडला अडकते, बायसेक्शन (लोडची पायरी अर्धी करत जाणं) होत होत बंद पडते.

जाळीकाम

सोल्यूशन इन्फॉर्मेशनमध्ये न्यूटन-रॅफसन रेसिड्युअलची संख्या शून्याची तीन करा आणि परत चालवा. बंद पडेल तेव्हा बलाचा तोल कुठे बसत नाही ते रंगाने दिसेल. स्टिफनेसला हात लावण्याआधी ते चित्र बघा. कॉन्टॅक्टच्या बाबतीत अंदाजाने आकडे फिरवण्यात लोकांचे आठवडे जातात, आणि अडलेली जागा बहुधा एक-दोन एलिमेंटची (मॉडेलच्या बारीक तुकड्यांची) असते.

इसारकाठचा

म्युनिकहून लिहितोय. मी कॅल्क्युलिक्स हे एफईएचं सॉफ्टवेअर वापरतो. गीडो डोंट आणि क्लाउस विटिग ह्या दोघांनी ते इथल्या एमटीयू एअरो एंजिन्समध्ये असताना घडवलं. मुक्त आहे, आणि त्याचं एक भलं म्हणजे कॉन्टॅक्टमधला प्रत्येक आकडा तुम्हाला स्वतः लिहावा लागतो, त्यामुळे आत काय चाललंय ते कळतं. ज्यांना लायसन्स परवडत नाही अशा विद्यार्थ्यांनी कॉन्टॅक्ट त्यावरच शिकावा असं मला वाटतं.

चाकणवासींनी स्टिफनेस कमी केल्यावर प्लेट आत घुसली, त्याबद्दल लिहितो. पेनल्टी पद्धतीत दोन तोंडांमध्ये स्प्रिंग असते. दाब = स्टिफनेस × घुसण. घुसल्याशिवाय दाब तयारच होत नाही, म्हणून थोडी घुसण असणारच. प्रश्न एवढाच की ती किती चालेल. ह्याला उत्तर तुमच्याच जोडात आहे. लेथकाकांचं २५ मिमीचं कडं घ्या, ११ चं भोक वजा करा, क्षेत्रफळ साधारण ४०० चौ. मिमी. २५ किलोन्यूटन भागिले ४०० म्हणजे ६३ मेगापास्कलच्या आसपास. स्टीलमध्ये ह्या दाबाने ८ मिमी जाडी दबते सुमारे ०.००२४ मिमी. म्हणजे प्लेटचं खरं दबणंच अडीच मायक्रॉन आहे. कॉन्टॅक्टची घुसण ह्याच्या विसाव्या हिश्श्याच्या आत हवी, म्हणजे ०.१ मायक्रॉनच्या आसपास. घुसणही दोन-तीन मायक्रॉन आली तर बोल्टमधलं बल तेवढंच दिसेल, कारण ते तुम्ही दिलंय, पण जोड खऱ्यापेक्षा मऊ होईल, आणि बाहेरचा लोड बोल्ट आणि प्लेट ह्यांच्यात कसा वाटला जातो ते सगळं चुकेल. बोल्टच्या फटीगचा (वारंवारच्या लोडने येणाऱ्या थकव्याचा) हिशोब ह्याच वाटणीवर उभा असतो.

कॅल्क्युलिक्समध्ये रेषीय पेनल्टीचा उतार यंग मॉड्युलसच्या ५ ते ५० पट घ्यायला सांगतात. मिलिमीटर-न्यूटनमध्ये स्टीलसाठी ५ पट म्हणजे साडेदहा लाख. ६३ मेगापास्कलला घुसण ०.०६ मायक्रॉन येते. पुरेशी आहे. अबॅकस ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची पेनल्टी खालच्या एलिमेंटच्या स्टिफनेसच्या १० पट असते, तीही बहुतेक कामांना पुरते. अ‍ॅन्सिसमध्ये ऑगमेंटेड लग्रांज (पेनल्टीचीच सुधारलेली पद्धत) ठेवून स्टिफनेसचा फॅक्टर १ वरच राहू द्या. ०.०१ केल्यावर रन पुढे सरकला, कारण तुम्ही जोडात रबर भरलंत.

एलिमेंटबद्दलही सांगतो, कारण पुस्तकात हे पटकन सापडत नाही. वीस नोडच्या (एलिमेंटच्या कोपऱ्यांवरचे आणि कडांच्या मधले बिंदू) विटेच्या एका तोंडावर सारखा दाब दिला तर त्याचं बल नोडांवर सारखं वाटलं जात नाही. मधल्या चार नोडांवर प्रत्येकी एक-तृतीयांश, आणि कोपऱ्यांवर प्रत्येकी वजा एक-बारांश, म्हणजे उलट दिशेला! दहा नोडच्या टेट्रात (चार तोंडांच्या एलिमेंटमध्ये) कोपऱ्यांना शून्य आणि तीन मधल्या नोडांना एक-एक तृतीयांश. आता कॉन्टॅक्ट नोडच्या हिशोबाने तपासला तर कोपऱ्याच्या नोडला दाबणारं काही नाही, तो उघडल्यासारखा दिसतो. पुढच्या इटरेशनला बंद, परत उघडा. ह्याने रन फडफडतो आणि कधीच बसत नाही. म्हणून दुसऱ्या ऑर्डरचे (मधले नोड असलेले) एलिमेंट असतील तर तोंड-ते-तोंड किंवा गाउस पॉइंटवर (तोंडाच्या आतल्या गणिताच्या बिंदूंवर) आधारलेली पद्धतच घ्या.

अनुरणन

इसारकाठचा, कोपऱ्याच्या नोडचं इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

थोडी भर घालते. घर्षण असलं की स्टिफनेस मॅट्रिक्स असममित होते, कारण आडवं बल उभ्या दाबावर अवलंबून असतं पण उलट तसं नसतं. घर्षणगुणांक लहान असेल तर सममित सॉल्व्हर भागवून नेतो. अबॅकस ०.२ च्या वर गेलं की आपणहून असममित सॉल्व्हर लावतो. अ‍ॅन्सिसमध्ये ०.१५ लाही रन अडत असेल तर न्यूटन-रॅफसनचा पर्याय हाताने 'अनसिमेट्रिक' करून बघावा. मेमरी जास्त लागते, पण इटरेशन कमी होतात.

आणि कॉन्टॅक्ट कुठल्या तोंडाला, टार्गेट कुठल्याला, हे ठरवून द्या. बारीक मेशचं (एलिमेंटच्या जाळीचं), मऊ किंवा बहिर्वक्र तोंड कॉन्टॅक्ट. जाड मेशचं, कडक, मोठं तोंड टार्गेट. उलटं केलं तर टार्गेटचे नोड कॉन्टॅक्टच्या तोंडातून आरपार जातात आणि कुणाला कळतही नाही.

माझं काम जास्त करून कंपनांचं आहे, तिथे बाँडेडला पर्याय नसतो हेही नोंदवते. मोडल अ‍ॅनालिसिस रेषीय आहे, त्यात कॉन्टॅक्ट उघड-मिट करू शकत नाही. पण आधी प्रीलोडचा स्टॅटिक रन करून, त्यात जे भाग खरंच दाबलेले आहेत तेवढेच जोडलेले धरून मोडल करता येतं. अख्खी प्लेट चिकटवलेल्या मॉडेलची फ्रिक्वेन्सी टेस्टपेक्षा वर येते.

चाकणवासी

रेसिड्युअलचं चित्र काढलं. लाल ठिपका प्लेटच्या एका कोपऱ्यावर, उचलल्या जाणाऱ्या बाजूला. तिथे प्लेटच्या जाडीत एकच एलिमेंट होता आणि हाउसिंगचा मेश १० मिमीचा. आता भोकांभोवती २ मिमी, जाडीत तीन थर, प्लेट कॉन्टॅक्ट आणि हाउसिंग टार्गेट, फॅक्टर १, अनसिमेट्रिक. रन पूर्ण होतो.

निकाल काकांनी सांगितला तसाच. प्रीलोडनंतर दाब फक्त भोकांभोवती. पूर्ण लोडला मागच्या दोन बोल्टांच्या बाहेरची कड उघडते, कडं मात्र दाबलेलं राहतं. प्लेटमधला स्ट्रेस बाँडेडच्या जवळजवळ दुप्पट, आणि जागाही बदलली: आधी वेल्डच्या पायाशी होता, आता मागच्या बोल्टच्या डोक्याच्या कडेला. १८ किलोन्यूटनचा रन आज रात्री लावतोय.

जाळीकाम

छान. आता निकाल कुणाला दाखवण्याआधी बलांची बेरीज करा. प्लेट-हाउसिंग जोडीचं एकूण उभं बल पहिल्या पायरीनंतर १०० किलोन्यूटन यायलाच हवं. दुसऱ्या पायरीत त्याच जोडीचं आडवं बल ६ च्या जवळपास यायला हवं. फारच कमी आलं तर उरलेलं बहुधा कुठल्या तरी विसरलेल्या बाँडेड जोडीतून जातंय.

डोक्याच्या कडेच्या स्ट्रेसबद्दल सावध राहा. ती काटकोनाची कड आहे. मेश बारीक कराल तसा तो आकडा वाढत जाणार. त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, कडेपासून थोडं लांब घ्या किंवा कडेची खरी गोलाई मॉडेलमध्ये घ्या.

सांगलीचा_विद्यार्थी

सर, माझा प्रश्न ह्याच्याशी जोडलेला आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट: २० मिमी व्यासाचा, २० मिमी लांबीचा स्टीलचा रोलर सपाट स्टीलवर, लोड १० किलोन्यूटन. मेश २ मिमी ठेवला तर दाब ४०० येतो, १ केला तर ७०० च्या घरात. वाढतच चाललाय. इथेही कडेसारखंच अनंतापर्यंत जाणार का?

इसारकाठचा

नाही, इथे थांबणार, आणि कुठे थांबणार ते आधी काढता येतं. हाइनरिश हर्ट्झने १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेलं गणित आहे. एकमेकांवर ठेवलेल्या काचेच्या भिंगांमधली न्यूटनची कडी अभ्यासताना, दाबामुळे काचेचा आकार बदलतो त्याचं काय, ह्या प्रश्नातून ते निघालं.

तुमच्या आकड्यांनी: लोड दर मिमी ५०० न्यूटन. दोन्ही स्टील, म्हणून एकत्रित मॉड्युलस सुमारे १,१५,४०० मेगापास्कल. टेकलेल्या पट्टीची अर्धी रुंदी = वर्गमूळ (४ × ५०० × १० भागिले पाय (π) × १,१५,४००) = ०.२३५ मिमी. कमाल दाब = २ × ५०० भागिले (पाय × ०.२३५) = साधारण १३५५ मेगापास्कल.

पट्टीची पूर्ण रुंदीच अर्धा मिलिमीटर आहे. २ मिमीच्या एलिमेंटला ती दिसणार कशी? अर्ध्या रुंदीत निदान आठ-दहा एलिमेंट बसवा, म्हणजे तिथे ०.०२५ मिमी. फक्त तेवढ्याच जागेत, बाकी मेश भराभर मोठा होऊ द्या. आणि पृष्ठभागावरच थांबू नका: कमाल शिअर पृष्ठभागाखाली ०.७८ पट अर्ध्या रुंदीवर, म्हणजे ०.१८ मिमी खोल, आणि त्याचं मूल्य कमाल दाबाच्या ०.३ पट, सुमारे ४०७. बेअरिंगमध्ये रोलर वारंवार फिरून येणाऱ्या थकव्याने पडणारी भेग बऱ्याचदा ह्याच थरातून सुरू होते. तुमच्या मॉडेलने १३५५ आणि ४०७ हे दोन्ही आकडे दिले की कॉन्टॅक्ट बरोबर बसला असं समजा, मग घर्षण, प्लॅस्टिसिटी जे घालायचं ते घाला. रोलरच्या दोन टोकांना दाब ह्याहून वर जाईल, ते वेगळं प्रकरण. तुलना मधल्या भागात करा.

कोल्हापूरकर

प्रेस फिटला हेच लागू होईल का? ५० मिमीचा शाफ्ट, १०० बाहेरच्या व्यासाचा हब, ४० मिमी लांब, व्यासावर ०.०५ इंटरफेरन्स. कॅडमध्ये शाफ्ट ५०.०५ चा काढला, फ्रिक्शनल लावलं, तर रन झाला पण स्ट्रेस जवळजवळ शून्य.

अनुरणन

कॅडमधली घुसण सॉफ्टवेअरने 'सुधारून' टाकली असणार. अबॅकसच्या जनरल कॉन्टॅक्टमध्ये लहान सुरुवातीची घुसण कुठलाही स्ट्रेन न येता नोड सरकवून काढली जाते, ते न सांगताच होतं. अ‍ॅन्सिसमध्ये 'अ‍ॅडजस्ट टू टच' लावलेलं असेल तरी तसंच. तुम्हाला इंटरफेरन्स हवाय हे स्पष्ट सांगावं लागतं: अबॅकसमध्ये इंटरफेरन्स फिट म्हणून, अ‍ॅन्सिसमध्ये 'अ‍ॅड ऑफसेट, रॅम्प्ड इफेक्ट्स'. कॅडमध्ये दोन्ही नेमके ५० चे काढा आणि ऑफसेट द्या. ऑफसेट त्रिज्येवर द्यायचा, ०.०२५. गोल तोंडावर मेश जाडा असेल तर सरळ कडांच्या एलिमेंटमुळेच शतांशभर मिलिमीटरची चूक येते, आणि इथे सगळा खेळ तेवढ्याचाच आहे. परिघावर भरपूर एलिमेंट आणि दुसरी ऑर्डर घ्या.

लेथकाका

आणि हिशोब लामेचा (जाड नळीतल्या दाबाचं सूत्र). दोन्ही स्टील, शाफ्ट भरीव: दाब = २,१०,००० × ०.०२५ भागिले (२ × २५), गुणिले (१ − २५ वर्ग भागिले ५० वर्ग) = १०५ × ०.७५ = ७९ मेगापास्कलच्या जवळ. हबच्या आतल्या तोंडाला परिघाच्या दिशेने ओढ १३१. घर्षणगुणांक ०.१२ धरला तर शाफ्ट दाबून बाहेर काढायला ०.१२ × ७९ × पाय × ५० × ४०, म्हणजे ५९ किलोन्यूटन. मॉडेलमध्ये लांबीच्या मध्यावर ७९ बघा, टोकांना जास्त येईल. मग शाफ्टला ढकला आणि कितीला सुटतो ते बघा. प्रेसवर गेज लावलेला असेल तर बसवतानाचा आकडाही लिहून घ्या, तो ह्याच घरात यायला हवा.